इंग्रजी वाक्य आणि आपले लेखन
(म्हसा येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मुलांचे इंग्रजी कच्चे राहते, ही तक्रार घरोघर ऐकू येते. त्यावर उपाय म्हणून शब्दार्थ पाठ करून घेतले जातात. परंतु विटांचा ढीग म्हणजे भिंत नव्हे. ती रचण्याची रीत ठाऊक असावी लागते. भाषेत ही रीत म्हणजे वाक्यरचना आणि विरामचिन्हे.

मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते; इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते. ‘वाघाने बैलाला मारले’ म्हणा की ‘बैलाला वाघाने मारले’ म्हणा, अर्थ तोच. कारण ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय त्याची राखण करतात. इंग्रजीत हे काम शब्दाच्या जागेकडे आहे. ‘टायगर’ आणि ‘बुलक’ यांची अदलाबदल झाली, की बैलच वाघाला मारतो! तसेच आपण ‘उद्या येतो’ एवढे म्हटले की भागते. इंग्रजीत मात्र ‘आय’ हा कर्ता लिहावाच लागतो.

याहून घातक चूक निरोप कळविताना होते. ‘बाबा म्हणाले, की मी सभेला येणार नाही’ या वाक्यातील ‘मी’ म्हणजे बाबा, हे आपणांस कळते. मुलाने त्याचे शब्दशः भाषांतर करून ‘फादर सेड दॅट आय वुड नॉट कम’ असे लिहिले, तर न येणारा तो मुलगाच ठरतो. तेथे ‘आय’च्या जागी ‘ही’ हवा. नोकरीच्या अर्जात अशी चूक झाली, तर ती सुधारावयास आपण तेथे हजर नसतो.

आता विरामचिन्हांकडे वळू. आपल्या म्हशाच्या यात्रेत बैलबाजार भरतो. समजा, घरून चिठ्ठी आली: ‘बैल विकायचा नाही घ्यायचा’. ‘विकायचा’पुढे स्वल्पविराम दिला तर बैल दावणीतून जातो; ‘नाही’पुढे दिला तर दावणीत आणखी एक येतो. एवढ्याशा चिन्हावर संसाराचा व्यवहार फिरतो.

ही चिन्हे आपल्याकडे पूर्वी रूढ नव्हती. मोडीत शब्दही सलग लिहीत. वाक्य कोठे संपले, हे वाचणाराने ताडावयाचे. मेजर थॉमस कॅंडी या इंग्रज गृहस्थाने १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक लिहून इंग्रजी चिन्हांची पद्धत मराठीस समजावून दिली. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातही त्यांचा हात होता. म्हणजे ज्या पूर्णविरामावर आज आपण विसावतो, तो इंग्रजीच्या अभ्यासातूनच आपल्या घरी आला. मग त्याचा उपयोग मुलांना इंग्रजीच्या तासापुरताच का शिकवावा?

मात्र दोन्ही भाषांचे नियम अगदी एक नाहीत. ‘पाऊस आला, आम्ही थांबलो’ हे मराठीत खपते. इंग्रजीत अशी दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडणे दोष मानतात. तेथे ‘अँड’सारखे अव्यय, अर्धविराम किंवा पूर्णविराम हवा. उलटपक्षी, इंग्रजीच्या नादाने मराठी वाक्य वेडेवाकडे करणेही शोभत नाही. दुसऱ्याच्या अंगणातून रोप आणावे. आपली माती टाकून देऊ नये.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. मुलाकडून रोज पाच इंग्रजी वाक्ये लिहून घ्यावीत. प्रत्येकात कर्ता कोण, क्रियापद कोणते आणि वाक्य कोठे संपले, हे त्याला विचारावे. नंतर तोच मजकूर त्याने शुद्ध मराठीत लिहावा. आईबापांस इंग्रजी येत नसले, तरी हे तीन प्रश्न विचारता येतात. उत्तर देताना मूल आपली चूक पुष्कळदा आपणच पकडते. यास पैसा लागत नाही. रोजची अर्धी घटका लागते.

आपल्या वाडवडिलांपैकी अनेकांनी दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर अंगठे उठविले. आपल्या मुलामुलींनी आपला अर्ज आपल्या हाताने, नेमक्या शब्दांत लिहावा, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.