घरातील कलह आणि कामगाराचे मनःस्वास्थ्य
(वार्षिक सभेतील भाषण)



कल्याण-डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडणारा नोकरदार आणि औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये राबणारा कामगार आमच्याकडे येतात ते बहुधा डोकेदुखी, आम्लपित्त वा निद्रानाश घेऊन. ‘घरी भांडण आहे’ अशी तक्रार केसपेपरवर कोणी लिहवून घेत नाही. तपासण्या निर्दोष येतात, दुखणे मात्र राहते. आस्थेने विचारपूस केली की दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मूळ उलगडते: खोलीच्या वाटणीवरून भावाभावांत वितुष्ट, घरातला अबोला, व्यसन, कर्जाचे हप्ते.

एका खोलीच्या बिऱ्हाडात भांडणानंतर दूर बसण्यासही जागा नसते. रात्र जागून काढलेला माणूस सकाळी यंत्रापुढे उभा राहतो आणि क्षणाची बेसावधता हातावर बेतते. खाडा झाला की रोज बुडतो. पैसा अपुरा पडला की पुन्हा कलह. कामावरून परतून चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या भगिनीची कुचंबणा तर दुहेरीच.

हा प्रश्न किरकोळ नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांपैकी ३१.७ टक्के कौटुंबिक समस्यांमुळे होत्या. मृतांत चौथ्या हिश्श्याहून अधिक रोजंदारीवर जगणारे होते.

ठाण्यात मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी येथेच ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ स्थापन केली आणि मनाच्या आरोग्याची चर्चा घराघरांत नेली. तरीही ‘मला काय वेड लागले आहे?’ हा प्रश्न आम्हाला आजही ऐकावा लागतो.

आप्तजनांस आमची विनंती अशी की, रुग्णाला एकट्याला पाठवू नका. कलह दोघांचा असेल तर औषध एकाला देऊन भागत नाही. आपणही समुपदेशनास यावे. मात्र जेथे मारहाण आहे, तेथे ‘जुळवून घ्या’ असा सल्ला आम्ही देत नाही. तेथे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण आहे. मन फारच खचले तर ‘टेलिमानस’ची १४४१६ ही विनामूल्य सेवा अहोरात्र उपलब्ध असते.

देणगीदारांस एवढेच सांगावेसे वाटते: यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते, समुपदेशकाने शांतपणे ऐकून घेतलेल्या तासावर ती लावता येत नाही. तरीही त्या तासासाठी आपण हात सैल सोडावा. सावरलेले एक घर हीच त्याची पोचपावती.