जुनी जीप आणि परके अवयव

पुसद हें गांव पूस नदीच्या कांठीं, डोंगरांच्या कोंदणांत वसलेलें आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या या भागांत पिढ्यानपिढ्या आगगाडी पोंचली नाहीं. कापसाचे बोजे, धान्याचीं पोतीं, बाजारकरी, विद्यार्थी आणि दुखणाईत माणसें या सर्वांची वाट सडकेनेंच ठरली. काळ्या मातीचा रस्ता पावसाळ्यांत कसा होतो, हें वऱ्हाडच्या माणसास सांगावयास नको. जेथें बैलगाडीचें चाक आंसापर्यंत रुततें, तेथें चारहि चाकांना जोर पोंचविणारी जीप उपयोगी पडली, आणि म्हणून अशा मुलखांत जुनी जीप सहसा मोडींत निघत नाहीं. एक अवयव झिजला कीं त्या जागीं दुसरा बसतो. वीस-तीस वर्षांनीं पाहावें, तर सांगाडा एका गाडीचा, आंस दुसरीचे आणि इंजिन तिसरीचें, अशी स्थिति झालेली असते. घरचीं माणसें मात्र तिला 'आपली जुनी जीप' असेंच म्हणत असतात.

या अदलाबदलींत काय साधतें आणि काय बिघडतें, याचा विचार थोड्या जणांनींच केलेला असतो. गाडींत बसणाऱ्यांच्या जिवाशीं त्याचा संबंध असल्यानें तो करणें अवश्य आहे.

जीपचे अवयव एकमेकींस लागूं पडतात, हा योगायोग नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या सैन्यासाठीं ही गाडी विलीस व फोर्ड अशा दोन कारखान्यांनीं एकाच आराखड्यावरून बनविली. रणांगणावर एका मोडक्या गाडीचा भाग काढून दुसऱ्या गाडीला लावतां यावा, हा त्यांतील हेतु होता. १९४१ ते १९४५ या काळांत दोन्ही कारखान्यांतून मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बाहेर पडल्या. पुढें आपल्याकडेहि तिचा कारखाना निघाला. १९४५ सालीं पोलादाच्या व्यापारासाठीं स्थापन झालेल्या 'महिंद्रा अँड मोहम्मद' या कंपनीचें नांव १९४८ मध्यें 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालें, आणि १९४९ सालीं मुंबईस माझगांवांत परदेशाहून आलेले सुटे भाग जुळवून विलीस जीप तयार होऊं लागली.

कारखान्यांनीं स्वतःहि इंजिनें बदललीं आहेत. युद्धकाळच्या जीपचें इंजिन सुमारें ६० अश्वशक्तीचें होतें. पुढें विलीसनें सुमारें ७५ अश्वशक्तीचें नवें इंजिन तयार केलें. त्याच्या आंत घेण्याच्या झडपा डोक्यावर असल्यामुळें तें उंचीनें अधिक झालें व जुन्या बॉनेटखालीं मावेना. तेव्हां १९५३ सालीं बॉनेटच उंच करून सी. जे. ३ बी. हा नमुना बाजारांत आणला गेला. भारतांत पुष्कळ वर्षें धांवलेली उंच कपाळाची जीप ती हीच. पेट्रोल महागल्यावर डिझेलची निकड भासूं लागली, आणि १९७९ सालीं महिंद्रा कंपनीनें फ्रान्सच्या पेजो कंपनीशीं करार करून तिचें डिझेल इंजिन येथें बनविण्याचा परवाना मिळविला. अमेरिकन वंशाच्या सांगाड्यावर फ्रेंच वंशाचें इंजिन बसलें, आणि संसार सुखाचा झाला. परंतु तें बसवितांना क्लच, गीअरबॉक्स, रेडिएटर व इंजिनाचीं फाउंडेशनें या सर्वांचा मेळ घालणारे जाणते लोक कारखान्यांत होते. भंगाराच्या दुकानांतून उचलून आणलेल्या अवयवाचा मेळ कोणी घालावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

यांतील सर्वांत फसवा अवयव म्हणजे आंस. पाटे, ड्रम आणि चाकांचे बोल्ट जुळले कीं आंस बसला, असें वाटतें. परंतु त्याच्या पोटांत क्राउन व पिनियन अशीं दोन दांतेरी चक्रें असतात, आणि त्यांच्या दांत्यांची संख्या बाहेरून दिसत नाहीं. युद्धकाळच्या जीपमध्यें मोठ्या चक्रास ३९ व लहानास ८ दांते होते. नागरी उपयोगाच्या जीपमध्यें तीच संख्या ४३ व ८ अशी झाली. म्हणजे चाकाचा एक फेरा होण्यास पहिलींत शाफ्टला ४.८७५ फेरे घ्यावे लागतात, तर दुसरींत ५.३७५. फरक अवघा अर्ध्या फेऱ्याचा. तो कोणाच्या लक्षांत येणार?

आतां समजा, मागचा आंस मोडला आणि त्या जागीं दुसऱ्या जातीचा बसविला. जोंपर्यंत मागच्याच दोन चाकांवर गाडी चालते, तोंपर्यंत कांहींच कळत नाहीं. वेगदर्शक कांटा थोडा खोटें बोलूं लागतो, एवढेंच. परंतु पावसाळ्यांत चारहि चाकांचा जोर लावतांच पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांस जखडले जातात. चाकाच्या शंभर फेऱ्यांत, म्हणजे सुमारें सव्वादोनशें मीटरांत, एकास दुसऱ्यापेक्षां पन्नास फेरे अधिक घेणें भाग असतें, आणि तसें तर त्यास करतां येत नाहीं. चिखलांत चाकें घसरतात व तो ताण निघून जातो. पुढें डांबरी सडक लागली आणि चालक लिव्हर मागें घेण्यास विसरला, तर तोच ताण दांत्यांवर, शाफ्टच्या क्रॉसांवर आणि ट्रान्सफरच्या पेटीवर येतो. लिव्हर अडकून बसते, टायर खरवडून निघतात, आणि शेवटीं ज्या अवयवाचा कांहींच दोष नव्हता तोच फुटतो. मिस्त्री तो बदलून देतो आणि महिन्याभरांत तोहि फुटतो. दोष मात्र जीपच्या म्हातारपणास दिला जातो.

याची परीक्षा मात्र अगदीं सोपी आहे; तिला जॅक आणि खडूचा एक तुकडा पुरतो. गाडी सपाट जागीं उभी करून बाकीच्या चाकांना दगडांची अटकण लावावी. गीअर व ट्रान्सफर दोन्ही न्यूट्रलमध्यें ठेवावे. जुन्या जीपचा हातब्रेक शाफ्टवरच लागत असे, म्हणून तोहि सोडावा. मग मागचें एकच चाक उचलून त्यावर व शाफ्टवर खडूची खूण करावी आणि तें चाक बरोबर दोन फेरे फिरवावें. जोडीचें चाक जमिनीवर स्थिर असल्यानें, उचललेल्या चाकाच्या दोन फेऱ्यांत आंतील मोठ्या चक्राचा एकच फेरा होतो. तेवढ्यांत शाफ्टचे फेरे किती होतात हें मोजावें. पांचास अष्टमांश कमी भरले, तर आंस युद्धकाळच्या मापाचा. पांच पुरे होऊन वर तीन अष्टमांश झाले, तर तो नागरी मापाचा. हेंच पुढच्या आंसावर करावें. दोन्ही आंकडे सारखे आले तर ठीक. न आल्यास गाडी घेणाऱ्यानें सौदा थांबवावा आणि घेतलेली असल्यास आंस जोडीनें बदलावे. जुन्या विलीस जीपमध्यें डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असत, हेंहि अशा वेळीं ध्यानांत ठेवावें. नाहींतर पाना जोरानें चालवून बोल्टच तुटावयाचा.

हा नियम एकट्या जीपचा नाहीं. जपानांत १९५३ सालीं पांच कंपन्या एकत्र येऊन फूजी हेवी इंडस्ट्रीज ही संस्था झाली, आणि तिनें आपल्या मोटारीस 'सुबारू' हें नांव दिलें. सुबारू म्हणजे आपलें कृत्तिका नक्षत्र. एक मोठा तारा आणि पांच लहान तारे हें त्या एकीकरणाचें चिन्ह. या मोटारींच्या निरनिराळ्या सालांच्या नमुन्यांत पुष्कळ भाग एकमेकांस लागूं पडतात, म्हणून परदेशांत हौशी लोक जुन्या सुबारूला नवें इंजिन व नवा गीअरबॉक्स बसवीत असतात. त्यांनाहि हीच ठेंच लागते. पुढच्या चाकांचीं शेवटचीं चक्रें गीअरबॉक्सच्याच पोटांत असतात आणि मागच्या चाकांचीं मागें निराळ्या पेटींत. गीअरबॉक्स ४.४४ मापाचा आणला आणि मागची पेटी ४.११ चीच ठेवली, तर मधला जोड सतत घासला जाऊन तापतो व जळतो. या घराण्यांतील फॉरेस्टर ही मोटार एकविसाव्या शतकाच्या आरंभीं भारतांत कांहीं वर्षें शेव्हरोले या नांवानें विकली गेली. नांव बदललें तरी कुळ बदलत नाहीं. तिचा अवयव शोधणाऱ्यास मूळचें कुळ ठाऊक असावें लागतें, आणि मापें मोजून घ्यावीं लागतात.

इंजिनाची अदलाबदल यापेक्षां अवघड. जुनें पेट्रोल इंजिन हवा सुमारें साडेसहा पट दाबतें; डिझेलमध्यें हा दाब वीस पटींच्या आसपास जातो. म्हणून डिझेल इंजिन वजनानें जड, हादऱ्यानें कठोर आणि सुरू होण्यास हट्टी असतें. त्यासाठीं पुढचे पाटे, फाउंडेशनें, स्टार्टर व बॅटरी हीं सर्व बदलावीं लागतात. पेट्रोल इंजिनाच्या शोषणशक्तीवर कांहीं जुन्या गाड्यांत कांच पुसण्याचे हात चालत असत. डिझेल बसवितांच ते थांबतात, आणि मालकाला तें पहिल्या पावसांत कळतें. ब्रेकला मदत देणारा भाग त्याच शक्तीवर चालत असेल, तर निराळा पंप न लावणें म्हणजे अपघातास आमंत्रण.

ब्रेकची गोष्ट तर सर्वांत महत्त्वाची. जुन्या जीपच्या ब्रेकचा ड्रम अवघा नऊ इंचांचा. तो ज्या वेगासाठीं बनला, त्या वेगांत तो इमानी आहे. परंतु जोरकस इंजिन बसवून चाळीस किलोमीटरांच्या जागीं साठ किलोमीटरांचा वेग धरला, म्हणजे वेग दीडपट झाला, तरी थांबवितांना जिरवावयाची शक्ति सव्वादोनपट होते. पुसदच्या भोंवतालच्या एखाद्या उतारावर, पाठीमागें दहा माणसें बसलेलीं असतांना, हें गणित कागदावर राहत नाहीं. म्हणून इंजिन बदलण्यापूर्वीं ब्रेक बदलावे, असाच क्रम पाहिजे. प्रत्यक्षांत पैसा आधीं इंजिनावर खर्च होतो आणि ब्रेक 'पुढच्या हंगामांत' करावयाचे म्हणून राहतात.

या सर्वांवर कायद्याचीहि नजर आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम सांगतें कीं, कारखान्यानें जो तपशील ठरविला त्याशीं नोंदणीपुस्तकांतील तपशील विसंगत होईल असा बदल मालकानें करूं नये. दुसऱ्या इंधनासाठीं मंजूर संच बसविण्यास सवलत आहे, तीहि अटींवर. सर्वोच्च न्यायालयानें ९ जानेवारी २०१९ रोजीं केरळांतील एका प्रकरणांत हाच अर्थ पक्का केला. त्याच सालच्या दुरुस्तीनें, परवानगीवांचून असा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागें पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठरविल्या. इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकांत असतो; तो बदलावयाचा तर परिवहन कचेरीची मंजुरी व नोंद पाहिजे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते आणि पुढें पांच-पांच वर्षांनीं तपासणी करून वाढवावी लागते. लपविलेला बदल त्या वेळीं उघडा पडतो. अपघात घडल्यास विमा कंपनी त्याच बदलावर बोट ठेवूं शकते, हा धोका तर निराळाच.

कायदा कडक आहे, अशी तक्रार पुष्कळ मिस्त्री करतात, आणि तींत कांहीं तथ्य आहे. ज्या हातांनीं अर्धशतक या मुलखाच्या गाड्या चालत्या ठेवल्या, त्या हातांच्या कसबाला कागदावर जागा नाहीं. परंतु केवळ डोळ्यांना सारखा दिसतो म्हणून बसविलेला आंस आणि मोजून बसविलेला आंस, यांतील फरक तपासनिसास बाहेरून दिसत नाहीं. मिस्त्र्यानें मोजमाप लिहून ठेवण्याची संवय केली, आणि कोणत्या गाडीचा कोणता अवयव, त्याचे दांते किती, हें मालकाच्या हातीं कागदावर दिलें, तर त्याच्या कसबाचा तोच दाखला होईल.

तोंपर्यंत घरच्या कर्त्या माणसानें तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या. झिजलेल्या भागाच्या जागीं त्याच मापाचा भाग बसविणें ही दुरुस्ती. ती निःशंकपणें करावी. निराळ्या मापाचा भाग बसविणें हा फेरबदल. त्याचा परिणाम ज्या ज्या अवयवांवर होतो ते सर्व मोजल्याशिवाय आणि परिवहन कचेरीची परवानगी घेतल्याशिवाय तो करूं नये. आणि थांबविण्याची शक्ति न वाढवितां धांवण्याची शक्ति वाढविणें, हें कोणत्याहि कारणानें करूं नये. पावसाळ्याच्या रात्रीं एखाद्या तांड्यावरून आजाऱ्यास घेऊन तीच जुनी जीप पुसदच्या रुग्णालयाकडे निघते, तेव्हां आंत बसलेल्यांना तिचें इंजिन कोठून आलें हें ठाऊक नसतें. उतारावर ब्रेक लागेल, एवढ्याच विश्वासावर ते बसलेले असतात.