दमाचा हिशेब



आम्ही केनवडला विहिरीत पोहायला शिकलो ते पाठीला सुका भोपळा बांधून. पुढे तळातली घागर काढण्याच्या पैजा लागू लागल्या. बुडी मारण्यापूर्वी आम्ही भराभर दहावीस श्वास घेत असू; त्याने दम वाढतो अशी समजूत. एकदा आमचा एक सोबती वर येता येता, हातभर पाणी उरले असतानाच, निपचित झाला. काठावर आम्ही होतो म्हणून वाचला.

कारण पुढे वाचनातून कळले. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तातला कर्बवायू वाढल्यामुळे. भराभर श्वासांनी तो घटतो. प्राणवायूचा साठा मात्र फारसा वाढत नाही. म्हणजे भोंगा बंद पडतो आणि आग चालूच राहते! शिवाय १० मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो. वर येताना तो उतरतो, आणि उरलासुरला प्राणवायू रक्ताला पुरत नाही. म्हणून घात पुष्कळदा काठ दिसू लागल्यावरच होतो.

तेव्हा दमाची परीक्षा घ्यावी ती जमिनीवर, शांत बसून. पाण्यात एकाने बुडावे, दुसऱ्याने नजर ठेवावी, मग पाळी बदलावी. कामगार संघटनेतही आम्ही हेच शिकलो: आपली ताकद आपण मोजावी, पहारा मात्र सोबत्याकडे द्यावा.