जुन्या पाकपुस्तकांत झरीची चूल शोधताना
(आकाशवाणीवरील भाषण)



रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ हे पुस्तक 1875 साली पुण्यात छापलं गेलं. मराठीतलं पहिलं छापील पाकपुस्तक म्हणून त्याचं नाव घेतात. झरी जामणी तालुक्यातल्या आमच्या मुकुटबनातल्या माणसाला त्याचं काय? आमच्याकडून वणी गाठायची तर गाडीची वाट बघावी लागते, यवतमाळला जायचं तर अख्खा दिवस मोडतो, आणि हे पुस्तक तर पुण्याचं, तेही दीडशे वर्षांमागचं. तरीही असली पुस्तकं आपण वाचावीत, आणि जरा खोचकपणे वाचावीत, एवढंच मला आज सांगायचं आहे.

ती मिळतात कुठे? पुणे नगर वाचन मंदिर 1848 सालचं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 सालचं. अशा जुन्या ग्रंथालयांत ती संदर्भ विभागात असतात. घरी नेऊ देत नाहीत, तिथेच बसून वाचावी लागतात. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे कितीतरी जुनी मराठी पुस्तकं आता स्कॅन होऊन मोबाइलवरही वाचता येतात. ग्रंथालयात दशांश वर्गीकरण असेल तर पाककलेचा क्रमांक 641.5. पण तेवढ्यावर थांबू नका. आयुर्वेदाच्या कपाटात पथ्यापथ्याचे ग्रंथ असतात, आणि 1930 साली सुरू झालेल्या ‘स्त्री’सारख्या मासिकांचे बांधीव खंड तर कुणी उघडतही नाही.

पुस्तक हाती आलं की पहिला अडथळा मापांचा. शेर, पावशेर, छटाक, तोळा, मासा. तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम, 12 मासे म्हणजे एक तोळा, 80 तोळ्यांचा पक्का शेर धरला तर तो साधारण 933 ग्रॅम. म्हणजे पावशेर तूप लिहिलं असेल तर 233 ग्रॅम तूप. इथवर ठीक. पण शेर वजनाचाही असायचा आणि मापाचाही, आणि कच्चा शेर गावागणिक वेगळा. आपली पायली तरी सगळीकडे सारखी कुठे होती? म्हणून आकडा तसाच उचलू नये. एकाच कृतीतलं पीठ, गूळ, तूप यांचं एकमेकांशी प्रमाण काय, ते काढावं. माप कुठलंही असो, प्रमाण सहसा फसवत नाही.

दुसरा अडथळा चुलीचा, आणि तो शहरातल्या वाचकाच्या लक्षातच येत नाही. जुन्या कृतींत झाकणावर निखारे ठेवून खालून-वरून धग द्यायला सांगतात. त्यासाठी चांगलं लाकूड किंवा कोळसा हवा. आमच्याकडे कापूस आणि तूर, म्हणून चुलीत पऱ्हाट्या आणि तुराट्या. पऱ्हाटी भडकन पेटते आणि लवकर विझते, निखारा धरत नाही. तिच्यावर भाकर फुगते, आंबील शिजते, पण तास-दीड तास मंद धग मागणारं पक्वान्न होणं कठीण. आपल्या घरात अमुक पदार्थ का झाला नाही, याचं उत्तर कधीकधी आवडीनिवडीत नसून सरपणात असतं.

या पुस्तकांत काय आहे यापेक्षा काय नाही, हे बघण्यात खरी गंमत आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 1130च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या जेवणाचं मोठं प्रकरण आहे. मांडे आहेत, पोळ्या आहेत, वडे आहेत, नाना तऱ्हेचं मांस आहे, इतकंच काय, शेतातले उंदीर भाजून करायची कृतीही आहे. मिरची मात्र नाही. असणारच नाही; ती अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आली, चारशे वर्षांनी. बटाटा, टमाटर, भुईमूगही तसेच मागाहून आले. आपण वऱ्हाडी माणसं तिखटाचा केवढा तोरा मिरवतो! तो तोरा काही फार पुरातन नाही, हे मुकाट्याने मान्य केलेलं बरं.

आणि उंदराकडेही लक्ष द्या. बाराव्या शतकातल्या राजाला जे लिहायला संकोच वाटला नाही, ते पुढे छापखान्याच्या काळात सभ्य घरच्या पुस्तकात येईनासं झालं. रानातलं खाणारी माणसं तर इथेच होती. त्यांना पानात जागा देणारं कुणी उरलं नाही.

असे ग्रंथ वाचायचे कसे, याचा धडा पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी घालून दिला. तिथल्या हस्तलिखितांची देखरेख त्यांच्याकडे होती. त्यांनी जिलबीचा इतिहास शोधला. रघुनाथ गणेश नवहस्त यांच्या सतराव्या शतकातल्या ‘भोजनकुतूहल’ ग्रंथात जिलबीची कृती आहे. ती घेऊन गोडे मागे मागे गेले आणि 1450च्या सुमाराच्या एका जैन कथेपर्यंत पोचले. एक पदार्थ धरायचा आणि ग्रंथामागून ग्रंथ धुंडाळायचा. हे कुणालाही जमण्यासारखं आहे. तुम्ही रोडगा धरा, नाहीतर पुरणपोळी.

मराठी खाण्याचा एक मोठा ठेवा तर तमिळनाडूत आहे. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे यांची कारकीर्द 1798 ते 1832. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ आहे, राजवाड्यातल्या स्वयंपाकाचं मराठी बाड. ब्राह्मणी पाकशाळा, मराठा पाकशाळा आणि चक्क इंग्रजी पाकशाळा, तिन्हींचे पदार्थ त्यात आहेत. सांबाराचा शोध तंजावरच्या मराठ्यांनी लावला अशी एक गोष्ट सांगतात. ती ऐकायला गोड, पण पुराव्याला कच्ची. हे बाड मात्र डोळ्यांसमोर असलेला पुरावा आहे.

पुस्तक लिहिणारा कोण आणि वाचणारी कोण, हेही विचारावं. 1875 साली लेखक पुरुष होता. 1910 साली लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ आलं, म्हणजे चुलीपुढची बाई स्वतः लिहू लागली. 1970 साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली आणि तिने तोळे-मासे बाजूला सारून वाटी-चमच्याचं माप घराघरांत नेलं. नवऱ्याच्या नोकरीपायी परगावी गेलेल्या, आई किंवा सासू जवळ नसलेल्या मुलींनी ते पुस्तक डोक्यावर घेतलं. पाकपुस्तकाची गरज पडते ती सांगणारं माणूस जवळ नसतं तेव्हा. मला वाटतं, झरी जामणी तालुक्याचं पाकपुस्तक आजवर झालं नाही त्याचं एक कारण हेच. सांगणारी शेजारीच बसलेली होती.

दुसरं कारण इतकं निरागस नाही. तरोट्याची भाजी, बांबूचे वास्ते म्हणजे कोवळे कोंब, मोहफुलं, ज्वारीच्या कण्या यांना पदार्थ म्हणायचीच पुस्तकवाल्यांची तयारी नव्हती. कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, काय शिजतं, गोंडांच्या घरी काय शिजतं, हे शोधायला पाकपुस्तकं उघडून उपयोग नाही. तिथे 1908 सालचं यवतमाळ जिल्ह्याचं गॅझेटिअर काढावं, रसेल आणि हिरालाल यांचे 1916 सालचे जातीजमातींवरचे खंड काढावेत, पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादच्या राजगोंडांवर फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी 1948 साली प्रसिद्ध केलेलं पुस्तक काढावं. नदीने जिल्हे तोडले, अंबाडीची भाजी दोन्ही काठांना शिजते. हे सगळे लेखक बाहेरून बघणारे, तेव्हा त्यांचं लिहिणंही पारखूनच घ्यावं. आतल्या माणसाने लिहिलं की काय फरक पडतो ते बघायचं असेल, तर शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ वाचा. मराठवाड्यातल्या मांग-महारांच्या खाण्यावरचं ते पुस्तक 2015 साली आलं, आणि सव्वाशे-दीडशे वर्षांच्या मराठी पाकपुस्तकांनी काय गाळलं ते त्याने एका झटक्यात उघडं केलं.

मुकुटबनात आता सिमेंटचा कारखाना आहे, कोळशाच्या खाणी आहेत, पोरीबाळी शिकायला आणि नोकरीला नागपूर-पुण्याला जात आहेत. सांगणारी आणि ऐकणारी यांच्यात अंतर पडलं आहे. तेव्हा शाळेतल्या मुलांना, बचत गटातल्या बायांना आणि गावच्या ग्रंथपालांना माझी विनंती आहे. एक जाड वही घ्या. कृती सांगणारीचं नाव तिला विचारून लिहा, गाव लिहा, साल लिहा. ती ज्या वाटीने मोजते त्या वाटीत किती ग्रॅम मावतं ते तोलून लिहा. चुलीत काय जळत होतं तेही लिहा. कोलामी किंवा गोंडी नाव असेल तर ते तसंच ठेवा, त्याचं मराठी करू नका. आणि ती वही ग्रंथालयाच्या नोंदवहीत चढवून 641.5च्या फळीवर ठेवा, छापील पुस्तकांच्या बरोबरीने.

तरोटा कोवळा मिळतो तो पावसाळ्याच्या तोंडाशीच. त्याची भाजी कोण चांगली करतं, ते आत्ताच विचारून ठेवा.