टायर किती किलोमीटर चालतो?

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. आज थोडं कोडिंग आहे आणि बरेचसे टायर आहेत.

मी टेमघरचा. मुळशीकडचं धरण ते नाही, आमचं भिवंडीतलं, कल्याण रोडवरचं. लहानपणी शाळेत जाताना रस्ता ओलांडायचा म्हणजे ट्रेलरची शेपटी संपेपर्यंत थांबायचं. चाकं मोजायची आम्हाला सवयच होती. अठरा, बावीस.

बीटेक करून मी ज्या कंपनीत लागलो ती गाडीमालकांना सॉफ्टवेअर विकते. त्यातला टायरचा रिपोर्ट मी लिहिलाय. टायर कधी चढवला, कधी उतरवला, जीपीएसप्रमाणे किती किलोमीटर झाले. किमतीला किलोमीटरने भागायचं. ज्याचा आकडा जास्त, त्या ड्रायव्हरचं नाव लाल. सोपं गणित. डेमोला सगळ्यांनी मान डोलावली होती.

गेल्या पावसाळ्यात टपरीवर पाथर्डीकडचे एक काका भेटले. न्हावा शेवा ते भिवंडी कंटेनर ओढतात. मी दहावीत होतो तेव्हापासून ओळख. त्यांनी मोबाइल पुढे केला. मालकाने पाठवलेला स्क्रीनशॉट होता, त्यात काकांचं नाव सगळ्यात वर, लाल. भत्त्यातून तीन हजार कापलेले.

"हे असलं तूच बनवतोस ना रे?"

मी चहा सांगितला. दुसरं काय करणार?

शेजारी जौनपूरचे एक उस्ताद बसले होते, नागपूरच्या लाइनवरचे. दोघांचं टायरवरून जुंपलं. उस्ताद रेडियलवाले. रेडियलमध्ये दोरे टायरच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि वर स्टीलचे पट्टे असतात. त्यामुळे टायर कमी तापतो, डिझेलही वाचतं. नायलॉनमध्ये दोऱ्यांचे थर तिरपे, एकमेकांवर घासणारे, म्हणून तो लवकर तापतो. पण त्याची बाजू जाड असते. काका म्हणाले, "गोडाउनच्या गल्लीत दगड, सळई, फुटका कठडा, सगळं बाजूलाच लागतं. तिथं तुझं रेडियल काय करणार?" त्यावर उस्ताद हसले, "नायलॉन मार खा लेता है, रेडियल नखरे करता है. लेकिन हायवे पे तो रानी है."

मग काकांनी टॉमी घेतली आणि एकेक टायर ठोकत निघाले. हवा भरलेला टायर ठण्ण वाजतो, बसलेला धप्प. मला आधी हे जुनाट वाटायचं, सेन्सर आहेत की आता. पण हिशोब करून बघा. जुलै २०१८ मध्ये सरकारने चार टायरच्या एका ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. म्हणजे एका टायरवर साधारण २.९ टन. जोडीतल्या आतल्या टायरची हवा गेली तर बाहेरून काहीच दिसत नाही, आणि त्याचा भारही बाहेरचा एकटा उचलतो. दुप्पट. हायवेवर फुटतो तो बऱ्याचदा हा दुसरा, निर्दोष टायर.

शेवटच्या ॲक्सलपाशी काका थांबले. "हात लाव." टायरची कड करवतीसारखी झाली होती. मधल्या ॲक्सलचे टायर बरेच चांगले.

"हे रस्त्यानं नाही खाल्लं. वळणानं खाल्लं."

ट्रेलरच्या मागच्या तीन ॲक्सलना स्टिअरिंग नसतं. घोडा वळतो तेव्हा ट्रेलर साधारण मधल्या ॲक्सलभोवती फिरतो, आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलचे टायर आडवे फरफटतात. भरलेल्या गाडीचं जागेवर तंग वळण, खाली काँक्रीट. खोडरबर घासावा तसं रबर जातं. आता काकांची खेप आठवा. बंदराचं गेट, यार्ड, मग काल्हेर नाहीतर पूर्णा, गोडाउनच्या गल्लीत मागेपुढे करत गाडी लावायची. उस्ताद एकदा कसारा घाट चढले की शेकडो किलोमीटर जवळजवळ सरळ. किलोमीटरने भागलं की उस्ताद हिरवे, काका लाल. गाडी कशी चालवली याचा त्यात संबंधच नाही.

माझ्या कोडमध्ये एकही बग नव्हता बरं का. सगळ्या टेस्ट पास. भागाकारच चुकीच्या गोष्टीने केला होता. त्यातून कोणाच्या पोटाला चिमटा बसेल हे मी बघितलंच नव्हतं.

त्या रात्री काकांच्या गाडीचा जीपीएस डेटा काढला. वेग दहाच्या खाली आणि दिशा एकदम बदललेली, अशा जागा मोजल्या. नकाशावर गोडाउनच्या गल्ल्या ठिपक्यांनी भरून गेल्या. ऑफिसात दाखवलं तर उत्तर मिळालं, "क्लायंटने हे मागितलेलं नाही." दोन महिने मागे लागलो. आता रिपोर्टमध्ये एका लाइनच्या गाड्यांची तुलना त्याच लाइनच्या गाड्यांशी होते, आणि ॲक्सलप्रमाणे टायर वेगळे दिसतात. वळणांचा आकडा अजून आत घेतलेला नाही.

एक तुमच्या कामाचं. टायरच्या बाजूवर चार अंकांचा छाप असतो. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. स्कूटीचाही बघा, नवा म्हणून जुना माल गळ्यात मारतात. हे मला उस्तादांनी शिकवलं, बीटेकने नाही.

काकांचे तीन हजार अजून आलेले नाहीत. जुना आकडा चुकीचा होता असं मी मालकाला लेखी कळवलंय, कंपनीला विचारून. परवा काका टपरीवर म्हणाले, "रिपोर्ट दुरुस्त झाला म्हणतोस, मग पैसे?" उत्तर आलं की पुढच्या भागात सांगतो.