अधिकार आणि उत्तरदायित्व

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सत्तेचा दुरुपयोग या विषयावर एका सरकारी नोकराने बोलावे, ही कार्यकारिणीची सूचना ऐकून आमच्या घरी प्रथम हशाच पिकला. ‘आरोपीलाच न्यायासनावर बसवताहेत,’ असे आमच्या सौभाग्यवतींचे मत पडले. ते अगदीच चुकीचे नव्हते, हे भाषणाच्या अखेरीस आपल्या ध्यानी येईल. मी बोलणार आहे ते केवळ व्यक्तिगत नात्याने, एवढे आरंभीच नमूद करतो.

आपण छत्तीसगढातील मराठी माणसे भोसल्यांच्या काळाचा उल्लेख अभिमानाने करतो. तो करावाच, तथापि त्या इतिहासाचे उत्तरार्धातील पानही वाचावे. बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहत होते, तोवर राज्यकर्ता प्रजेच्या डोळ्यांपुढे होता. १७८७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि धनी नागपुरात व कारभार सुभेदारांच्या हाती, अशी व्यवस्था आली. नागपूरला ठरलेला वसूल पोचला की पुरे; तो रयतेकडून कोणत्या मार्गाने गोळा झाला, याची विचारपूस कोण करणार? सारेच सुभेदार दुष्ट होते असे माझे म्हणणे नाही. परंतु विचारणारा कोणी नसला की भला माणूसही हळूहळू सैल होतो आणि मुळातच सैल असलेला मोकाट सुटतो.

आता विचारणाऱ्यांची कथा ऐका. १९२० साली धमतरी रायपूर जिल्ह्यातच मोडत होती. तिच्याजवळच्या कंडेल गावावर कालव्याचे पाणी चोरल्याचा ठपका ठेवून सरकारने सामुदायिक दंड बसविला. बाबू छोटेलाल श्रीवास्तव यांच्या नेतृत्वाखाली गावकऱ्यांनी तो भरण्याचे नाकारले. गुरे जप्त झाली, बाजारात लिलाव पुकारले गेले. पण बोली बोलायला कोणी पुढे येईना! पंडित सुंदरलाल शर्मा महात्माजींना आणावयास गेले. डिसेंबरात गांधीजी छत्तीसगढात आले आणि सरकारला दंड मागे घ्यावा लागला. हाती शस्त्र नसलेल्या एका गावाने सरकारला प्रश्न विचारला, आणि सरकारपाशी त्याचे उत्तर नव्हते.

त्याच दशकात या जिल्ह्यात जमीन महसुलाच्या बंदोबस्ताचे काम पाहण्यास एक तरुण मराठी आय.सी.एस. अधिकारी आला. त्यांचे नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. कुलाबा जिल्ह्यातील नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेले, १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेत पहिले आलेले हे विद्वान गृहस्थ पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले, हे आपण जाणताच. बंदोबस्त अधिकाऱ्याच्या लेखणीच्या एका फटकाऱ्याने कुळाचे नशीब फिरते. अधिकार म्हणजे काय वस्तू आहे, याचा अनुभव त्यांनी आपल्या या भूमीतही घेतला असला पाहिजे.

१९५६ साली त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला, तो मुंबईच्या प्रश्नावर, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु त्यांची तक्रार केवळ मुंबई कोणाची, एवढीच नव्हती. इतका मोठा निर्णय मंत्रिमंडळाला डावलून घेतला गेला आणि मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हेही त्यांचे दुःख होते. म्हणजे प्रश्न उत्तरदायित्वाचा होता. १९५९ मध्ये त्यांनी सूचना केली की, उच्चपदस्थांविरुद्धच्या तक्रारी तपासण्यासाठी एक स्वतंत्र, निःपक्षपाती न्यायाधिकरण असावे. पंतप्रधान नेहरूंना ती मान्य झाली नाही.

परंतु विचाराचे बीज मरत नाही. १९६६ मध्ये प्रशासकीय सुधारणा आयोगाने लोकपाल व लोकायुक्त यांची शिफारस केली. महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा करून पुढच्याच वर्षी लोकायुक्त नेमला. केंद्रातील कायदा मात्र २०१३ च्या डिसेंबरात संमत झाला आणि पहिले लोकपाल २०१९ मध्ये अधिकारारूढ झाले. देशमुखांच्या सूचनेपासून साठ वर्षे! आपल्या मंडळाच्या आजच्या वयाहून दहा अधिक.

आता न्यायासन सोडून आरोपीच्या जागी येतो. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी मी एका कार्यालयात शाखाप्रमुख होतो. एका दिवंगत शिपायाच्या पत्नीच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाची फाईल माझ्याकडे होती. कागदपत्रे पूर्ण होती. परंतु त्या शिपायाने हयातीत कधीतरी वरिष्ठांना उलट उत्तर दिले होते. फाईल वर जाई आणि ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन खाली येई. मी चर्चेस जाई. साहेब दुसरेच बोलत. असे आठ महिने चालले. ती बाई दर सोमवारी येऊन बाकावर बसे. ‘साहेब, आमचं काही चुकलं का?’ असे तिने एकदा विचारले. मी म्हणालो, ‘फाईल वर आहे.’

ते खरे होते, आणि तेच माझे पाप होते. कोणी लाच घेतली नाही, कोणताही नियम मोडला नाही. फाईलवर दोन ओळींची स्पष्ट टीप लिहिणे माझ्या अधिकारात होते. ती मी लिहिली नाही, कारण माझा वार्षिक गोपनीय अहवाल त्याच हातांनी लिहिला जायचा होता. साहेबांची बदली झाल्यावर ते प्रकरण चार दिवसांत निघाले.

१२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीचा अधिकार लागू झाला. उत्तर सामान्यतः तीस दिवसांत द्यावे. विनाकारण विलंब केल्यास माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माझे काही सहकारी या कायद्याला कंटाळतात. मला मात्र प्रत्येक अर्जामागे तो सोमवारचा बाक दिसतो.

शेवटी घरचे बोलतो. उत्तरदायित्व हा केवळ दिल्लीचा विषय नाही. आपल्या महोत्सवासाठी कित्येकांनी आपल्या निवृत्तिवेतनातून वर्गणी दिली आहे. तिचा पै-पैचा हिशेब सर्वसाधारण सभेपुढे वाचला जावा आणि एखाद्याने उभे राहून प्रश्न विचारला तर आपल्या कपाळी आठी उमटू नये. त्याला बसायला खुर्ची द्यावी, उत्तर द्यावे. ज्या घरात मुलांना प्रश्न विचारू देतात, त्या घरातूनच असे नागरिक आणि असे अधिकारी निघतील.