टाकीतला समुद्र

घरातील काचेच्या टाकीत समुद्र आणून ठेवण्याची हौस मोठी मोहक आहे. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम सागरी क्षार विरघळविले, की पाणी खारे होते. पण तेवढ्याने त्याचा समुद्र होत नाही. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया हे विष निर्माण होते. त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जीवाणू रुजावयास बहुधा ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर मासा सोडू नये.

याच काळात काचेवर प्रथम तपकिरी, मग हिरवे शेवाळ चढते. हौशी गृहस्थ घाबरतो आणि शेवाळ खाणारा सर्जन मासा घेऊन येतो. परंतु हा दूरवर पोहणारा जीव. लहान टाकी म्हणजे त्याला कारागृहच. शेवाळ हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. दिवा ८ तासच लावावा, अन्न बेताने द्यावे, दर आठवड्यास थोडे पाणी बदलावे.

प्रथम क्लाउन मासा आणावा. तो काटक असून टाकीतही त्याची पैदास होते. इतर बहुतेक सागरी मासे प्रवाळांतून पकडून आणलेले असतात. त्यांतला एक दगावला, तर आपल्या उतावळेपणाची किंमत समुद्राने मोजलेली असते.